चॉकलेटच्या कारखान्यातलं बाक

अहो,

प्रिय वगैरे लिहीत नाही. सगळ्या संसारात तुम्हांला तसं कधी म्हटलं नाही. आता लिहिलं तर हे नक्की कोणाला लिहिलंय म्हणून तुम्हीच मागे वळून बघाल.

काल आम्ही चॉकलेटचा कारखाना बघून आलो. एकदाचं झालं ते! आज सोमवार. मंदार आणि केतकी हिंजवडीला आपापल्या ऑफिसात गेलेत, अन्वी शाळेत आहे, आणि मी वारज्याच्या या घरात गुडघ्यांना तेल लावून तुमच्या खुर्चीवर बसलेय. खरं तर आडवं व्हायला हवं होतं. पण काल तिथे एक गोष्ट कळली, ती तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुम्हांला ती आधीपासून माहीत आहे, तो भाग वेगळा.

मी दमलेय हो. तुम्ही गेल्यापासून दमलेयच. काम तरी काय आहे घरात? पोळ्यांना बाई आहे, भांड्यांना बाई आहे, अन्वीचा डबा केतकी स्वतः भरते. काम नसलं की माणूस जास्त दमतो की काय, कोण जाणे! सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येतो, आता पुन्हा झोपेपर्यंत जागं राहायचं.

पण आधी मला तुमच्याशी भांडायचंय. इतके महिने पोटात ठेवलंय. घाटापासूनच सुरुवात करते.

दहाव्याला तुम्ही आम्हांला किती तिष्ठत ठेवलंत! भाताचे पिंड मांडलेले, ऊन चढत चाललेलं, झाडावर कावळ्यांची ही गर्दी, आणि एक जण खाली उतरेल तर शपथ. एक तेवढा जवळच्या भिंतीवर येऊन बसला होता, मान तिरकी करून. तुम्ही नाही का, दुकानदाराचं सगळं नीट ऐकून घ्यायचात आणि काही न घेता निघायचात, अगदी तस्सा!

"दादाचं काहीतरी राहिलंय," वन्सं म्हणाल्या. "त्याशिवाय कावळा शिवायचा नाही. बोला रे सगळे. ज्याला जे कबूल करायचंय ते करा."

मंदार हात जोडून म्हणाला, "बाबा, आईची काळजी करू नका. आम्ही आहोत." कावळा ढिम्म. मंदार म्हणाला, "तुमची स्कूटर भंगारात देणार नाही." कावळ्याने पिसं साफ करायला घेतली. वन्सं म्हणाल्या, "दादा, तुझ्यामाझ्यात काही उणं-अधिक बोलणं झालं असेल तर सोडून दे रे." तरी नाही. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. पुण्याचेच गुरुजी ते! म्हणाले, "मागचे यजमान खोळंबलेत. आपण दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ या. त्याला मनधरणी लागत नाही."

मग मी पुढे झाले. चारचौघांत तुमच्याशी इतक्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते. म्हटलं, "मी नीट राहीन. वेळेवर जेवीन. गोळ्या घेईन. तुम्ही निश्चिंत जा." आणि तुम्ही काय केलंत? कावळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला!

तेवढ्यात केतकीच्या मागून अन्वी पुढे आली. आठ वर्षांची पोर, सकाळपासून उपाशी. म्हणाली, "आजोबा, मी चॉकलेट फॅक्टरी विसरले नाहीये. आपण जाणार आहोत. प्रॉमिस."

तिचं बोलणं संपतंय तोच कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुस्कारे सोडले. कोणीतरी हसलंसुद्धा. "साखरेमुळे बिचाऱ्यांना आयुष्यभर गोड मिळालं नाही, तेच मनात राहिलं असणार," असं तुमचे चुलतभाऊ म्हणाले. तेराव्यापर्यंत ती गोष्ट अख्ख्या गोतावळ्यात झाली. दादांचा जीव म्हणे चॉकलेटात अडकला होता! लोक भेटायला यायचे ते डोळे पुसत यायचे आणि हे ऐकून हसत जायचे. मी चहा देत होते. मला काही हसू आलं नाही.

का यावं? मी बोलले तेव्हा तुम्ही आला नाहीत. चॉकलेटच्या कारखान्याचं नाव घेतल्यावर आलात! इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली, तुमच्या दुखण्याखुपण्यात उशाशी बसले, आणि शेवटी माझ्या शब्दाला एवढीही किंमत नाही? हसाल तुम्ही. म्हणाल, पक्षी तो, त्याला काय कळतंय! मीही स्वतःला तेच सांगितलं. पण दिवेलागणीला एकटी बसले की ती भिंत आणि तो लांब जाऊन बसलेला कावळा डोळ्यांपुढे यायचा.

आणि चॉकलेट? त्याचा तुमच्याशी संबंध काय? चॉकलेट खाणारी मी होते! तुम्हांला आठवतं ना, लग्न झाल्यावर पगाराच्या दिवशी तुम्ही कंपनीच्या बसमधून उतरलात की कोपऱ्यावरच्या दुकानातून एक चॉकलेट घेऊन यायचात. सासूबाईंना दिसू नये म्हणून ड्रॉइंगच्या गुंडाळीत लपवून. अर्धं तुमचं, अर्धं माझं, असं ठरलेलं होतं. पण तुमचं अर्धं नेहमी माझ्यापेक्षा लहान असायचं. पुढे मंदार झाला, मग त्याचे तीन वाटे झाले, तरी तुमचा वाटा सगळ्यांत लहानच राहिला.

मग तुम्हांला साखर निघाली आणि मी घरातलं गोड बंद केलं. तुमच्यापुढे बसून मी एकटीने खायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "अगं, तू खा ना, मला काही वाटत नाही." मी म्हणायचे, "मला आवडतच नाही आता." तुम्ही गप्प बसायचात. मला वाटायचं, पटलं तुम्हांला.

असो. तर घाटावरचा शब्द पाळायचा होता. मी टाळत होते. वर्ष सरलेलं नाही, घरात सणवार नाहीत, आणि सहली कसल्या काढायच्या? आधी अन्वीच्या परीक्षा निघाल्या, मग मंदारचं कसलंसं रिलीज, मग तिचा ताप. मला बरंच वाटत होतं. पण वन्सं सोडतात होय? दर आठवड्याला फोन. "वहिनी, वर्षश्राद्धाच्या आत व्हायला हवं. ही सहल नाही, हे कार्य आहे. दादा खोळंबलाय." एकदा मी वैतागून म्हटलं, "खोळंबू देत, मीही खोळंबलेच की." त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का आज?" मी फोन ठेवला.

जेवले नव्हते. तुम्हांला खोटं सांगून काय उपयोग! घाटावर सगळ्यांसमोर कबूल केलं खरं, पण गेले कित्येक महिने मी दुपारी चहात दोन बिस्किटं बुडवते आणि केतकीला सांगते की जेवले. गोळ्यांची पाकिटं तशीच पडून आहेत. कशाला घ्यायच्या, असं वाटतं. कोणासाठी एवढी उस्तवार? संध्याकाळी सगळे घरी आले की मी बोलते, हसते, अन्वीचा अभ्यास घेते. पण ते सगळं लांबून कोणीतरी करतंय असं वाटत राहतं.

तर काल रविवारी निघालो. वन्सं सकाळीच पेठेतून रिक्षा करून आल्या. हातात स्टीलचा छोटा डबा. "यात दादाचा वाटा आणायचा. घरी आल्यावर कावळ्याला ठेवायचा," म्हणाल्या. मंदार म्हणाला, "आत्या, कावळ्याला चॉकलेट चालतं का?" वन्सं म्हणाल्या, "पिंडाचा भात चालतो, तर हे का नाही चालणार? तू गाडी चालव."

गाडीत बसताना मला तुमची फार उणीव वाटली. कारण आम्हांला कोणालाच काही माहीत नव्हतं. गाडी कुठे लावायची, आत किती चालायचं, बसायला मिळतं का, काही म्हणजे काही नाही. तुम्ही असतात तर हे झालं असतं का? आपण कुठेही निघालो की त्याआधी तुम्ही एकटे स्कूटरवर जाऊन बघून यायचात. लग्नाचं कार्यालय असो, नवा डॉक्टर असो, नाहीतर टेकडीवरचं देऊळ असो. "पाहणी करून येतो," म्हणायचात. मंदारच्या कॉलेजची पाहणी केलीत, ते ठीक. पण त्याला मुलगी बघायला जायचं होतं तेव्हा आदल्या दिवशी जाऊन केतकीच्या माहेरचा जिनासुद्धा बघून आलात! कंपनीत आयुष्यभर नकाशे काढलेत, त्याची सवय ती. घरी येऊन बूट काढता काढता सगळं सांगायचात. "पायऱ्या आहेत, पण कठडा आहे. बसायला जागा आहे. टॉयलेट वेस्टर्न आहे." एकदा मी विचारलं, "आणि देवळात देव आहे का?" तुम्ही म्हणालात, "ते नाही बघितलं. गर्दी होती."

माझे गुडघे गेल्यापासून तर तुमची पाहणी आणखी वाढली. मी चिडायचे. लोक काय म्हणतील, किती हा आगाऊपणा! काल गाडीत बसल्यावर कळलं, त्या आगाऊपणाच्या जिवावर मी इतकी वर्षं बाहेर पडत होते.

बायपासला ही गर्दी. कात्रज आलं तेव्हा सर्पोद्यानाची पाटी दिसली. मी म्हटलं, "अन्वी, आजोबांबरोबर तू इथे साप बघायला आली होतीस ना गं?" आठवतं ना तुम्हांला? वन्संचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी दिवसभर त्यांच्याकडे होते, आणि तुम्ही अन्वीची शाळेची सुट्टी म्हणून तिला बसने घेऊन गेला होतात. परत आलात तर दोघंही जेवायला तयार नाही. मी मुगाची खिचडी टाकली होती. तुम्ही म्हणालात, "साप बघून भूकच मेली." मला वाटलं, दमली असतील दोघं.

अन्वी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हं." एवढंच. एरवी जिचं तोंड मिटत नाही ती मुलगी! मला वाटलं, आजोबांची आठवण आली असेल, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

कारखाना कात्रजपासून थोडा आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. कारखाना कसला, जत्राच ती! दारात माणसापेक्षा उंच कोकोचं फळ, त्याच्यापुढे फोटो काढायला रांग. आत गेलं की केसांवर घालायला निळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या देतात. वन्सं म्हणाल्या, "स्वयंपाकाला उभं राहताना कोणी घालत नाही, इथे बघायला टोप्या!" पण घातली. त्यांच्या अंबाड्यावर ती टोपी राहीना, शेवटी केतकीने पिन लावून दिली. माझी मंदारने लावली. माझ्या डोक्याला हात लावायची त्याला सवय नाही. कानावरून दोनदा ओढून बघितली.

माहिती सांगायला एक मुलगी होती, कानाला माइक लावलेली. "सो गाइज, आता आपण रोस्टिंग सेक्शन बघणार आहोत. बिया आधी भाजतात, देन त्यांची सालं काढतात, देन ग्राइंडिंग. ओके?" वन्संनी लगेच विचारलं, "यात अंडं असतं का?" ती म्हणाली, "नाही आजी, प्युअर व्हेज." वन्संनी पुन्हा विचारलं, "नक्की?" असं त्यांनी प्रत्येक खोलीत विचारलं. शेवटी शेवटी ती मुलगी वन्संकडे बघून आपणहूनच "नो एग" म्हणायला लागली.

वास मात्र काय सुंदर होता हो! कडवट, खमंग. भाजलेल्या दाण्यांचा वास असतो ना, त्याच जातीचा, पण जरा दाट. मला एकदम ड्रॉइंगची गुंडाळी आठवली. इतक्या गर्दीत, डोक्यावर निळी टोपी घालून रडायचं कसं? मी वर छताकडे बघत उभी राहिले.

मग जिना आला. वरच्या मजल्यावर काचेची गॅलरी आहे, तिथून खाली सगळी यंत्रं दिसतात. चांगला उभा जिना होता. मी मनात म्हटलं, चढू या, एवढ्यासाठी सगळ्यांचा खोळंबा नको. पहिल्या पायरीवर पाय ठेवते तर अन्वीने माझा हात धरून मागे ओढलं.

"आजी, तू नाही यायचं वर."

मला इतकं लागलं! तुम्ही येत नाही, आता हीसुद्धा नको म्हणते? मंदार वरून म्हणाला, "अन्वी, असं नाही बोलायचं आजीला. आई, तू ये हळूहळू, मी धरतो." पण अन्वी ऐकेना. "तुम्ही जा वर. मी आजीला घेऊन जाते." आणि मला हाताला धरून निघाली की! दुकानाच्या कडेने, पाण्याच्या पिंपावरून, एका अरुंद बोळातून. कोणाला विचारलं नाही, कुठे थांबली नाही. मध्येच म्हणाली, "इथे उंबरा आहे, खाली बघ."

बोळाच्या टोकाला एक बाक होतं. समोर काचेची खालची खिडकी, वर पंखा. आणि काचेपलीकडे अगदी डोळ्यांसमोर त्या मोठ्या दगडी चक्क्या, गरागरा फिरणाऱ्या, आणि त्यांतून ओघळणारं काळंभोर चॉकलेट. वरच्या मंडळींना जे लांबून दिसत होतं, ते मला बसल्या जागी हाताच्या अंतरावर दिसत होतं.

"बस," अन्वी म्हणाली. "इथून सगळं दिसतं. पंखा पण आहे. टॉयलेट त्या दाराच्या मागे आहे. पायऱ्या आहेत, पण कठडा आहे. आणि वेस्टर्न आहे."

वेस्टर्न आहे!

अहो, आठ वर्षांच्या मुलीला वेस्टर्नची काळजी कधीपासून? तुमचे शब्द, तुमचा क्रम, तो शेवटचा समाधानाचा सूरसुद्धा तुमचा!

मी तिला जवळ बसवलं. "अन्वी, तुला कसं माहीत गं हे सगळं?"

ती बुटांकडे बघत राहिली. "आजोबांनी सांगू नको म्हटलं होतं."

"आता मी विचारतेय ना. आता चालेल."

"ते रागावणार नाहीत?"

"नाही. मी बघते त्यांच्याकडे."

मग सगळं बाहेर आलं. तुम्ही साप बघायला गेलाच नव्हतात! कात्रजला उतरून रिक्षा करून इथे आला होतात, दोघंही. ती पाहणी होती. माझ्या वाढदिवसाला मला इथे आणायचं ठरवलं होतंत. अन्वी सांगत होती, "आजोबा त्या जिन्यावरून एकदा वर गेले आणि खाली आले. मग म्हणाले, हे आजीला जमणार नाही. मग आम्ही सगळीकडे फिरलो. मग हे बाक मिळालं. ते आजोबांनी बसून बघितलं."

"बसून बघितलं म्हणजे?"

"असे बसले, असे उठले. परत बसले, परत उठले. आजीला हात न टेकता उठता येईल का बघतो, म्हणाले. मग वॉचमन काकांना विचारलं, हे बाक कायम इथेच असतं ना? ते म्हणाले, हो काका. तर आजोबा म्हणाले, हलवू नका हं, आमची मंडळी यायची आहेत."

मला पुढचं नीट ऐकू येईना. चक्क्यांचा आवाज होता, आणि शिवाय तुम्हांला माहीत आहे माझं. टिपं गळायला लागली की माझे कान बंद होतात. अन्वी घाबरली. "आजी, मी सांगायला नको होतं का?" मी नाही नाही म्हणत तिचं डोकं थोपटत राहिले.

"पण आजोबांना चॉकलेट फॅक्टरी एवढी का गं आवडली?"

"त्यांना कुठे आवडली? ते म्हणाले, आजीला चॉकलेट खूप आवडतं. पण ती माझ्यासमोर खात नाही आणि माझ्यामागे पण खात नाही. इथे आणून बसवली की खाईल."

म्हणजे तुम्हांला पटलं नव्हतं तर! मी "मला आवडत नाही" म्हणत राहिले आणि तुम्ही गप्प बसून पाहणी करत राहिलात! एका शब्दाने बोलायचं तरी होतंत. पण नाही. तुमचं आधी सगळं बघून यायचं, मग सांगायचं. सांगायला तेवढे राहिला नाहीत.

वाढदिवसाच्या आधीच, सकाळचा चहा हातात धरून, खुर्चीतल्या खुर्चीत गेलात. ही पाहणी कोणालाच सांगता आली नाही. एक अन्वी सोडून. आणि त्या पोरीने तुमचा शब्द राखून इतके महिने तोंडातून ब्र काढला नाही. घाटावर सगळ्यांना वाटलं तिलाही चॉकलेटची हाव आहे. काल जाताना गाडीत केतकी तिला म्हणालीसुद्धा, "होतेय ना आता तुझी फॅक्टरी?" तिने तेही ऐकून घेतलं. ती तर आधीच बघून आली होती हो! तिला कुठे यायचं होतं? ती मला आणत होती.

"आणि आजोबांनी चॉकलेट किती खाल्लं?" मी विचारलं.

"एकच. छोटं. माझ्यातलं."

"एकच?"

जरा वेळाने म्हणाली, "दोन."

हा तुमचा हिशेब नंतर करू!

तर कावळ्याचं मला आत्ता उलगडलं. मी घाटावर म्हटलं, नीट राहीन, वेळेवर जेवीन, आणि तुम्ही लांब जाऊन बसलात. मला वाटलं माझ्या शब्दाला किंमत नाही. अहो, किंमत कशी असेल? तुम्ही माझं "मला आवडत नाही" इतकी वर्षं ऐकलेलं! मी खोटं बोलतेय हे तुम्हांला न कळायला काय झालं? तुम्ही थांबलात ते कोणीतरी माझी जबाबदारी घेईपर्यंत. तीही जिच्यावर भरवसा ठेवावा अशा माणसाने. घरात असं माणूस एकच होतं, आणि ते आठ वर्षांचं होतं.

मंडळी वरून खाली आली. शेवटच्या खोलीत सगळ्यांना आपापलं चॉकलेट साच्यात ओतायला देतात, वर पांढऱ्या चॉकलेटने नाव लिहायचं. मी बाकावरच बसले होते. अन्वीने तिचं करून आणलं. वर "आजी" लिहिलं होतं, वेलांटी पार कडेवरून ओघळलेली. माझ्या हातात दिलं आणि समोर उभी राहिली, खातेय का बघायला. अगदी तुमच्यासारखी.

खाल्लं. सगळं. कोणाला अर्धं दिलं नाही. अन्वीलाही नाही! मंदार बघत उभा होता. म्हणाला, "आई, तुला चॉकलेट आवडतं?" आता याला काय सांगायचं? इतकी वर्षं माझ्या पोटचा मुलगा तो! म्हटलं, "आवडतं." तो माझ्याशेजारी बाकावर बसला आणि चक्क्यांकडे बघत राहिला. अन्वीने मग त्याला आणि केतकीला सापांची खरी गोष्ट सांगितली. केतकी टोपीसकट भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

उठताना मी हात टेकला नाही. बरोबर उंचीचं आहे हो बाक.

घरी आल्यावर वन्संनी डब्यातला तुमचा वाटा गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. काव काव म्हणून हाका मारल्या. एरवी आमच्या वाळवणावर झडप घालणारे कावळे, काल एकही आला नाही. अंधार पडायला लागला, मुंग्या लागल्या, तरी नाही. वन्सं काळजीत पडल्या. "आता आणखी काय राहिलं याचं?" मी म्हटलं, "काही राहिलं नाही, म्हणूनच आला नाही. तुम्ही चला, पानं घेतली आहेत." आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसले. वन्संनी माझ्या पानाकडे पाहिलं, पण टोमणा मारला नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

आज दुपारीही जेवले. खरंच. भात, आमटी, केतकीने सकाळी केलेली भेंडी. एकटीने बसून जेवणं फार कंटाळवाणं आहे हो, घास फिरतो तोंडात. गोळीपण घेतली. एका दिवसात दमणूक जाणार नाही, ते मला कळतं. उद्या सकाळी डोळे उघडले की तोच विचार येणार आहे.

पण एक सांगू? तुम्ही अचानक, न सांगता गेलात, याचा मला फार राग होता. काल त्या बाकावर बसल्यावर तो जरा खाली बसला. तुम्ही काही नवीन केलं नाहीत. नेहमीसारखे आधी पुढे गेलात, पाहणीला.

तर आता तिथलं नीट बघून ठेवा. पायऱ्या असतील तर कठडा आहे का बघा. बसायला काय आहे ते स्वतः बसून, उठून बघा. आणि जागा मिळाली की सांगून ठेवा तिथल्या माणसाला, हलवू नका म्हणावं, आमची मंडळी यायची आहेत.

मी येईन. पण घाई करणार नाही. जेवूनखाऊन, गोळ्या घेऊन, अन्वीचं बोट धरून इथे हिंडूनफिरून, मग सावकाश येईन. हा शब्द घाटावरच्यासारखा नाही. हवं तर अन्वीला विचारा.

तुमची,
शैला